जाहिरात न आलेली जागा

2019 च्या जूनमध्ये आमचा मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. त्याच सुमारास कोल्हापूरच्या बऱ्याच फौंड्र्यांत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत, आठवड्यातले एक-दोन दिवस भट्टी बंद ठेवायला लागले होते. गाड्यांचा खप पडला होता. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली, आणि ट्रकांची अवस्था त्याहून वाईट होती. आमच्याकडच्या फौंड्र्यांचं पोट या गाड्यांवरच चालतं. हाऊसिंग (आतल्या भागांचं बाहेरचं कवच), ब्रॅकेट, ब्रेक ड्रम, सिलिंडर हेड असली कास्टिंग इथं ओतली जातात आणि पुण्या-चेन्नईकडं जातात. तिकडं गाडी विकली गेली नाही, की इथं वाळूचा मिक्सर थांबतो.

कॅम्पसला येणार म्हणून ज्या कंपन्यांची नावं नोटीस बोर्डावर लागली होती, त्यातल्या काही आल्याच नाहीत. ज्या आल्या, त्यांनी मुलं निवडली आणि रुजू व्हायची तारीख कळवू म्हणून सांगितलं. ती तारीख पुढं पुढं जात राहिली. पेपरातल्या जाहिरातींत दोन वर्षांचा अनुभव हवा असायचा. एका प्लेसमेंटवाल्यानं आधी पैसे भरा, मग मुलाखत लावतो असं सांगितलं, तिथून मी सरळ बाहेर आले. वर्गातली निम्मी मुलं पुण्याला निघून गेली, काही स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसली.

मला फौंड्रीतच काम करायचं होतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी आणि माझ्या मैत्रिणीनं एका छोट्या फौंड्रीत केला होता, ग्रीन सँड, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यातल्या, कास्टिंगमधल्या ब्लो होलवर, म्हणजे गॅस अडकून पडणाऱ्या भोकांवर. कास्टिंग बाहेरून देखणं दिसतं, घासून-पुसून मशीनिंगला जातं आणि तिथं दुसऱ्या कटला आतलं भोक उघडं पडतं. मग कारण शोधत मागं यायचं: ओतणाऱ्याच्या हाताकडं, कोअरकडं (कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा), साच्याकडं आणि शेवटी वाळूतल्या ओलीकडं. हे मागं मागं जाणं मला मनापासून आवडलं. बाबा उद्यमनगरात लेथवर. त्यांच्या आयुष्यात कास्टिंग म्हणजे टूल मोडणारी वस्तू, कारण वाळू अडकलेल्या जागी टूल गेलं की त्याची धार जाते. त्यामुळं घरात या विषयावर बोलायला माणूस होता.

जागा निघालेली नसताना जाऊन विचारणं कोल्हापुरात नवीन नाही. आयटीआयची मुलं पिढ्यान् पिढ्या गेटवर जाऊन ‘काम हाय का’ विचारत आली आहेत. पदवी घेतलेली मुलं ते करत नाहीत, किंवा करतात ते बायोडाटाच्या वीस झेरॉक्स काढून प्रत्येक गेटवर एकेक ठेवत जाणं. मीही जुलैमध्ये आधी तेच केलं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हायवेच्या एका अंगाला लागायचं आणि गेटामागून गेट. वॉचमन रजिस्टरात नाव लिहायचा, ‘एचआर मॅडम मीटिंगमध्ये हायत, ठेवून जावा’ म्हणायचा. एका गेटवर पाऊस आला म्हणून मला केबिनमध्ये बसायला दिलं. तिथल्या वॉचमनकाकांनी टेबलाचा खण उघडून दाखवला. आत बायोडाट्यांचा हातभर जाड गठ्ठा होता, खालचे पिवळे पडलेले.

“ह्ये आत कोण नेत न्हाई, ताई,” ते म्हणाले. “आमच्याकडं कुणी मागतच न्हाई. मोठं साहेब सकाळी साडेआठला शॉपमधनं राऊंड मारून हितं गेटजवळ येत्यात, गाड्या बघायला. तुमी कामाचं काय बोलणार असला, तर तवा या.”

त्या काकांनी मला जे शिकवलं ते चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्या कंपनीत भरती एचआर करतं, ते खरं. पण शंभर-दीडशे माणसांच्या फौंड्रीत ‘एक माणूस पाहिजे’ हे आधी वर्क्स मॅनेजरच्या किंवा मालकाच्या डोक्यात येतं आणि तिथंच महिनोन् महिने पडून राहतं. जाहिरात द्यायला वेळ नसतो, मंदीत धीर नसतो, कुणीतरी ओळखीचं मिळेल अशी आशा असते. त्या काळात तुम्ही त्या माणसासमोर उभे असाल तर उपयोग. आणि उभं राहायचं तर त्याच्या कामाची काहीतरी माहिती घेऊन.

म्हणून मी गेटं फिरणं थांबवून यादी करायला घेतली. कोल्हापुरात याची एक सोय आहे. शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीची ‘मॅक’, उद्यमनगरातली कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, अशा उद्योजकांच्या संघटना आहेत, आणि कोण सभासद, कोण काय बनवतं ते तिथून कळतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन या देशपातळीवरच्या संस्थेची कोल्हापूर शाखाही आहे. तिच्या एका तांत्रिक व्याख्यानाला मी विद्यार्थी म्हणून गेले आणि मागच्या रांगेत बसून कोण कुठल्या फौंड्रीचं, कोण काय प्रश्न विचारतं ते लिहून घेतलं. प्रश्नावरून कळतं, कुणाला काय त्रास आहे. एक गृहस्थ कोअरमधून येणाऱ्या गॅसबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांच्या नावापुढं मी तेवढंच लिहिलं: ‘कोअर, गॅस’.

वहीत प्रत्येक फौंड्रीला एक पान दिलं. ग्रे आयर्न, म्हणजे साधं बीड, की एसजी, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड? ग्रीन सँड की नो-बेक, म्हणजे रसायनानं घट्ट होणारी वाळू? हाताने मोल्डिंग की मशीन? स्वतःचं मशीन शॉप आहे की बाहेर देतात? माल कुणाला जातो? सँड लॅब आहे का, आणि तिथं कोण बसतं? ही उत्तरं वेबसाइटवर मिळत नाहीत. तिथं सगळ्यांचं सारखंच लिहिलेलं असतं, ‘दर्जा हाच आमचा ध्यास’. उत्तरं मिळतात ती माणसांकडून. बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि कोल डस्ट पुरवणाऱ्या एजन्सीचा एक सेल्समन बाबांच्या दुकानासमोर चहाला थांबायचा. रोज पाच-सहा फौंड्र्या हिंडणारा माणूस, कुठं वाळू बिघडलीय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. टेम्पोवाले सांगायचे कुठनं माल परत येतोय.

सगळ्यात जास्त कळलं ते पॅटर्नवाल्याकडं. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचे नमुने, बनवतात, मी त्यांना काका म्हणते. मंदी असून त्यांच्याकडं काम भरपूर होतं. मला नवल वाटलं. त्यांनी समजावलं: 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष, लागू होणार, इंजिनं बदलतायत, काही सुटे भाग नव्यानं लागणार. जुन्या पार्टचा नग कमी झालाय, पण नवे पार्ट डेव्हलपमेंटला आलेत. “ज्येनं नवा पॅटर्न टाकलाय, त्येला नवा ताप हाय,” काका म्हणाले. “पैली पन्नास कास्टिंग कुणाचीच नीट येत न्हाईत. तिथं जा.” त्यांनी गिऱ्हाइकांची नावं अर्थातच दिली नाहीत, धंद्याचा तो नियम आहे. पण वसाहत सांगितली आणि पार्टचा आकार सांगितला, तेवढ्यावर माझ्या वहीतली तीन-चार पानं वर आली. मंदीत सगळे माणसं कमी करतायत हे वरवरचं चित्र. आत कुठंतरी एखाद्याला माणूस हवाच असतो, आणि कुठं ते त्याला पुरवठा करणाऱ्यांना आधी कळतं. नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला मी हे आजही पहिल्यांदा सांगते.

मग ऑगस्टात महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं आणि पुणे-बेंगळूरू वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. शहराचा मोठा भाग पाण्यात, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बाहेर काढलेली. कारखान्यांतले कितीतरी कामगार त्याच गावांतले. त्या महिन्यात मी कुणाला फोन केला नाही. आमच्या गल्लीतल्या मुली शाळेतल्या छावणीत भाकरी पोहोचवत होत्या, मी त्यांच्यात होते. पाणी उतरल्यावरही पंधरवडाभर कुणाला नोकरीबद्दल विचारायचं मन होईना.

सप्टेंबरात पत्रं लिहायला घेतली. कव्हर लेटरचे नमुने इंटरनेटवर ढिगाने आहेत आणि सगळ्यांनी तेच उचललेले असतात: ‘आपल्या नामांकित संस्थेत माझ्या गुणांना वाव मिळावा’. मी पत्र मराठीत लिहिलं, अर्ध्या पानाचं, तांत्रिक शब्द आम्ही बोलतो तसेच ठेवून. एका फौंड्रीला पाठवलेलं पत्र असं होतं:

‘आपल्याकडे ग्रीन सँडवर ग्रे आयर्नची हाऊसिंग होतात असे समजले. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ब्लो होलवर होता. वाळूतली ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी आणि रिजेक्शन यांच्या नोंदी घेऊन त्यांचा संबंध तपासला होता. सँड टेस्टिंगची उपकरणे मला हाताळता येतात. सध्या आपल्याकडे जागा नसेल याची कल्पना आहे. प्रकल्पाची वही दाखवायला आणि आपल्याकडचे काम समजून घ्यायला दहा मिनिटे भेट मिळावी ही विनंती. बुधवारी सकाळी अकरा वाजता मी फोन करीन.’

यातली कॉम्पॅक्टिबिलिटी म्हणजे वाळू दाबल्यावर किती बसते याचं माप. पत्राची शेवटची ओळ महत्त्वाची. ‘कळवावे’ लिहिलं तर कुणी कळवत नाही. आपण फोन करणार आहोत हे आधी सांगून ठेवलं की ऑपरेटरनं ‘कशाबद्दल?’ विचारल्यावर ‘साहेबांना पत्र दिलंय, आज फोन करायचं ठरलंय’ असं खरं उत्तर देता येतं. आणि बुधवार म्हटलं तर बुधवारीच करायचा. फोनची वेळसुद्धा बघावी लागते. सकाळी प्रॉडक्शनची मीटिंग असते, भट्टी चालू झाली की मॅनेजर शॉपमध्ये असतात आणि तिथं फोन ऐकू येत नाही. अकरा ते बारा आणि चारच्या चहानंतर, या दोन वेळांना माणूस सापडायचा.

बऱ्याच जणांनी फोनवरच ‘जागा नाही’ म्हणून संपवलं, ते साहजिक होतं. काहींनी बोलावलं. भेटीत पहिल्यांदा काय बोलायचं हे मी बाबांसमोर बसून तयार केलं होतं. बाबांचं एकच सांगणं होतं: “आधी त्यांचं काम बघ, मग तुझं सांग.” म्हणून मी बसल्या बसल्या फाइल पुढं करायची नाही. शॉप बघायची परवानगी मागायची. शॉपमध्ये गेल्यावर माणसाची भाषाच बदलते. केबिनमध्ये ‘सध्या मार्केट डाऊन आहे’ म्हणणारे साहेब मोल्डिंग लाइनजवळ आले की स्वतःच हातात वाळू घेऊन मूठ दाबून दाखवायला लागतात. तिथं मी एवढंच विचारायची: “सर, तुमच्याकडं सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? सँड इन्क्लूजन, ब्लो होल, की श्रिंकेज?” म्हणजे आत वाळू अडकणं, गॅसची भोकं, की लोखंड निवताना आक्रसून पडणारी पोकळी. रिजेक्शन किती टक्के हे कधी विचारायचं नाही. तो आकडा कुणी परक्याला सांगत नाही, आणि सांगूही नये. पण दोष कुठला हे माणूस मोकळेपणानं सांगतो, कारण तो त्यावर रोज विचार करत असतो.

व्याख्यानात कोअरच्या गॅसबद्दल विचारणारे गृहस्थ मला अशाच एका भेटीत भेटले. मी त्यांना त्यांचाच प्रश्न आठवण करून दिला. त्यांनी मला अर्धा तास दिला, कोअर शॉप दाखवलं, कोअरला हवा निघायची वाट कशी ठेवतात ते समजावलं. नोकरी नव्हती, कारण त्यांच्याकडं दोन अभियंते आधीच होते. उठताना त्यांनी कागदावर आणखी दोघांची नावं लिहून दिली आणि म्हणाले, “माझं नाव सांग.” ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाकडं आणखी कुणाला भेटू असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा सांगतोच. नकार देताना त्यालाही बरं वाटत नसतं, काहीतरी द्यावं असं वाटतं.

मुलगी असण्याचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आला. काही ठिकाणी आडून, काही ठिकाणी थेट. एक मालक वयस्कर होते, त्यांनी स्पष्ट विचारलं, “बाळ, इथं शॉपमध्ये एक बाई नाही. धूळ, उष्णता, शिव्या. तू कशी राहणार?” मला त्या थेटपणाचा राग आला नाही, कारण त्याला उत्तर देता येत होतं. 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच कामावर ठेवता येत असे. रात्रीच्या पाळीसाठी राज्यानं पुढं अटींसह सूट दिली, तरी लहान फौंड्रीला त्या अटी पाळणं जड जातं, हे मला माहीत होतं. म्हणून मी रात्रपाळीचा विषय स्वतःच काढायची. सँड लॅब, इन्स्पेक्शन, डेव्हलपमेंट ही कामं दिवसपाळीची आहेत, मी तीच मागायला आलेय, असं सांगायची. बायकांच्या स्वच्छतागृहाचंही विचारायची. ऑफिसमध्ये अकाऊंटला एखादी बाई असेल तर सोय असते, नसेल तर पुढं प्रश्न येतो. विचारायला लाजायचं कारण नाही. ‘बघू, सांगतो’ म्हणणाऱ्यांचा मात्र मला त्रास झाला. पोरीला तोंडावर नको म्हणायचं नाही म्हणून महिनाभर झुलवत ठेवणं हा कसला मान? दोन फोनांनंतर उत्तर नाही आलं, की मी पान बंद करायची.

सप्टेंबरच्या शेवटी एक गोष्ट माझ्या बाजूनं घडली. शिकाऊ उमेदवारीच्या म्हणजे अप्रेंटिसशिपच्या नियमांत केंद्र सरकारनं बदल केले. पदवीधर उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिन्याला 4984 रुपये होतं, ते 9000 झालं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत नोंदणी केली, तर पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग, म्हणजे 4500 रुपये, सरकार तेव्हा मालकाला परत देत असे. आमच्याकडचं हे काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं. 1961 चा कायदा सगळ्यांना माहीत असतो, पण तो आयटीआयसाठी आहे असंच बहुतेक लहान मालकांना वाटतं. पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते 1973 च्या दुरुस्तीनं त्यात आलेत.

मी त्या अधिसूचनेच्या प्रती काढल्या, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि माझं मागणं बदललं. ‘नोकरी आहे का’ ऐवजी ‘वर्षभर शिकाऊ अभियंता म्हणून घ्या, कागदपत्रं मी करते’. मालकाच्या दृष्टीनं या दोन्हींत फार अंतर आहे. मंदीत कायमचा पगार वाढवायला तो घाबरतो, वर्षभराला घाबरत नाही. माझ्या बाजूचा धोका मला कळत होता: वर्ष संपल्यावर कामावर ठेवायची सक्ती मालकावर नसते. पण वर्षाच्या अनुभवाचं प्रमाणपत्र हातात येणार होतं, आणि ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ या भिंतीचा निम्मा भाग तिथंच पडणार होता. एक अट लक्षात ठेवायला हवी. वर्षभराचा किंवा जास्त कामाचा अनुभव झालेल्याला ही उमेदवारी मिळत नाही. त्यामुळं आधी कुठंतरी कशीही नोकरी करू, मग बघू, असं केलं तर हा दरवाजा बंद होतो.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी भट्टी थंड असते, सगळं शॉप धुऊन काढलेलं, मशिनांना झेंडूचे हार, मालक घरच्यांसह आलेले. पॅटर्नवाल्या काकांना त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडं गोकुळ शिरगावला पूजेचं बोलावणं होतं, ते मला बरोबर घेऊन गेले. प्रसाद घेताना त्यांनी वर्क्स मॅनेजरांना सांगितलं, “सायेब, ही आमच्या मित्राची पोरगी. वाळूचं शिकलीया. तुमचं त्ये नवीन हाऊसिंग तिला दावा की.” मॅनेजर हसले. सणाच्या दिवशी मी कामाचं काही बोलले नाही, फक्त दसरा झाल्यावर फोन करू का एवढं विचारलं.

दिवाळीच्या आधी त्यांनी बोलावलं. माझी वही त्यांनी शांतपणे पानपान उलटून बघितली. मग कपाटातून महिन्याभराच्या रिजेक्शन स्लिपांचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, “जागा नाही. पण तुला हौस आहे तर हे घेऊन बस आणि मला काय दिसतं ते सांग. बाहेर न्यायचं नाही.” कोपऱ्यातल्या एका टेबलावर मी बसले. नवीन हाऊसिंगचा माल ब्लो होलमुळं बाद होत होता. स्लिपांवर तारीख, पाळी आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कितव्या खेपेचं लोखंड ते, होतं. त्यावरून वेळ काढता येत होती. मी दोष एका बाजूला आणि साच्याची वेळ दुसऱ्या बाजूला असा तक्ता मांडत गेले. सकाळच्या मालात रिजेक्शन कमी होतं, दुपारी तीननंतर चढत होतं. मग सँड लॅबचं रजिस्टर मागितलं. त्यात दिवसाला एकच नोंद, सकाळी आठची.

ग्रीन सँडमध्ये वाळू फेकून देत नाहीत. साच्यात 1350 ते 1400 अंशांचं लोखंड ओतायचं, ते निवल्यावर साचा फोडायचा आणि तीच वाळू चाळून, पाणी आणि बेंटोनाइट घालून पुन्हा वापरायची. दिवसभर लाइन चालली की वाळूला निवायला उसंत मिळत नाही. साधारण 50 अंशांच्या वर गरम वाळू मिक्सरमध्ये आली, की घातलेलं पाणी वाफ होऊन जातं, मिक्सरवाला हाताच्या अंदाजानं आणखी पाणी सोडतो, आणि तीन-साडेतीन टक्के ठेवायची ओल कधी कमी, कधी जास्त होत राहते. जास्त ओलीच्या साच्यात वाफ आणि गॅस अडकतो, त्याचंच पुढं भोक होतं. मी मॅनेजरांना हे असंच आहे असं म्हटलं नाही. म्हटलं, “सर, दुपारनंतर दोष वाढतोय हे स्लिपांत दिसतं. दुपारी वाळू कशी असते याची नोंदच नाही. दर दोन तासांनी ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी आणि वाळूचं तापमान घेतलं, तर कळेल.”

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाळू गरम होते हे मला दहा वर्षं माहीत आहे. दर दोन तासांनी रीडिंग घ्यायला माणूस नाही.”

मी अधिसूचनेची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली.

पुढचं फार लांबवत नाही. मालकांशी भेट झाली, त्यांचा प्रश्न फक्त कागदपत्रांचा होता. योजनेच्या पोर्टलवर कंपनीची नोंदणी मी त्यांच्या अकाऊंटंटबरोबर बसून केली, कराराचे कागद झाले आणि डिसेंबर 2019 मध्ये मी रुजू झाले. दर दोन तासांचं रीडिंग सुरू झालं. मिक्सरवाले मामा पहिल्या आठवड्यात माझ्याकडं बघतही नव्हते. त्यांना वाटलं त्यांच्या चुका टिपायला कुणी बसवलंय. मी त्यांना रोज दुपारचं तापमान आधी दाखवायला लागले आणि त्यांनी सांगितलेलं ‘आज वाळू चिकटतीया’ रजिस्टरात त्यांच्या नावानं लिहायला लागले, मग जमलं. मार्चमध्ये टाळेबंदी आली, कारखाना बंद झाला, पुन्हा सुरू झाल्यावर मला परत बोलावलं. वर्ष संपल्यावर कायम केलं. तेव्हापासून मी क्वालिटीत आहे.

आता माझ्या टेबलावर बायोडाटे येतात. गेटवरचे नव्हे, कारण आमच्या वॉचमनला मी सांगून ठेवलंय, कुणी आलं तर फोन कर. कुणी भेटायला आलं की मी शॉपमध्ये नेते. कुणाला नोकरी द्यायचा अधिकार मला नाही, पण मॅनेजरांच्या कानावर घालता येतं. मुलं चांगली असतात, हुशार असतात, पण बहुतेकांना आपण कुठल्या कारखान्यात आलोय हेच माहीत नसतं. ‘कुठल्याही डिपार्टमेंटला चालेल सर’ म्हणतात. त्यामागची गरज मला कळते, घरची परिस्थिती दिसते आणि पोटात तुटतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून काही धरायला मिळत नाही. ‘मला फेटलिंगमधलं रिजेक्शन बघायचंय’ (फेटलिंग म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करणं) म्हणणारा आला, तर मॅनेजर खुर्ची पुढं ओढतात.

घरच्या ओळखी नसलेल्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. माझे बाबा उद्यमनगरात होते म्हणून मला पॅटर्नवाले काका भेटले, हे खरंच आहे. पण व्याख्यानाला मी कुणाच्या ओळखीनं गेले नव्हते, कोअरवाल्या गृहस्थांना मी पत्र लिहूनच भेटले, आणि त्यांनी दिलेली नावं त्यांची होती. ओळख नसेल तर वेळ जास्त लागतो. त्या वेळात घरखर्च कोण चालवणार, हा प्रश्न काहींना असतो. त्यांना मी आधी शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंद करायला आणि त्याच दिवशी यादीला सुरुवात करायला सांगते. दोन्ही बरोबरच चालवायचं.

गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजची एक मुलगी आली. मेटलर्जीची आवड, एसजी आयर्नबद्दल बरंच वाचलेलं, मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर किती वेळात ओतायला पाहिजे यावर तिनं मलाच दोन प्रश्न विचारले. आमच्याकडं सगळा ग्रे आयर्न, तिला इथं घेऊन उपयोग नव्हता. मी माझी जुनी वही काढली, एसजी करणाऱ्या फौंड्र्यांची पानं तिला फोटो काढून दिली आणि कोअरवाल्या साहेबांना फोन लावला. वहीतल्या बऱ्याच जणांची खाती आता बदलली आहेत, दोघं निवृत्त झालेत. जायच्या आधी प्रत्येक ठिकाणी फोन करून त्या खुर्चीवर आता कोण बसतं ते विचारून घे, असं तिला सांगितलंय.